पंपाला कोपरा नको

डिझाइन कॉलेज बघायला येणारे पालक आधी कॉम्प्युटर लॅब बघतात. मोठे स्क्रीन, थ्रीडी प्रिंटर, भिंतीवर न बनलेल्या गाड्यांची चकचकीत चित्रं. वर्कशॉपच्या दारातून ते नुसते डोकावतात, कारण आत धूळ असते. पिवळ्या पीयू फोमची ही धूळ अंगाला खाजते, केसांत बसते आणि डब्यातल्या पोळीपर्यंत पोचते. मला विचाराल तर इंडस्ट्रियल डिझाइनचं निम्मं शिक्षण या धुळीत होतं आणि उरलेलं कॉलेजच्या आवाराबाहेर.

मी प्लास्टिकच्या वस्तूंचं डिझाइन करते आणि पुण्यातल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या ज्यूरीला जाते. यंदा एका मुलाचं काम पहिल्यापासून बघायला मिळालं. मुलगा अकोल्याकडचा, घरी कापूस आणि सोयाबीन. वर्गातले बाकीचे इलेक्ट्रिक स्कूटर, हेडफोन, कॉफी मशीन असं काय काय करत होते. यानं विषय घेतला फवारणीचा पाठीवरचा पंप.

त्याच्या वहीत पहिले कितीतरी दिवस पंपाचं चित्रच नव्हतं. होती ती माणसं. सोळा लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच सोळा किलो, वर पंपाचं वजन वेगळं. ती पाठीवर घ्यायची कशी? कुणी बांधावर ठेवून खाली बसतं आणि पट्टे खांद्यात अडकवून हात टेकत उठतं. कुणी दुसऱ्याला धरायला लावतं. डाव्या हातानं दांडा वरखाली, उजव्या हातात नळी. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकून साफ करणारेही त्यानं पाहिले. एका पानावर नुसती पाठमोरी शर्टाची आकृती होती आणि तिच्यावर पेन्सिलनं गिरवलेला ओला डाग. झाकणाचं वायसर जुनं झालेलं, माणूस वाकला की औषध थेंबाथेंबानं कण्यावरून खाली येतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्याला कारणं पुष्कळ होती, औषधांची मिश्रणं, उंच वाढलेलं पीक, अंगावर काहीच संरक्षण नसणं. झाकणाचा त्यात वाटा किती, हे कुणी सांगू शकणार नाही. पण डिझायनरच्या हातात जे आहे, त्यात झाकण नक्की येतं. माझ्या मते सगळ्या प्रोजेक्टमधलं ओल्या डागाचं ते एक पान सर्वांत मोलाचं.

मग मापं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेनं 1997 मध्ये देबकुमार चक्रवर्तींचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलं. ते प्रत्येक कॉलेजच्या लायब्ररीत असतं आणि झिजलेलं असतं. सरासरी माणूस धरून वस्तू केली की ती बऱ्याच जणांना होत नाही, हे पोरांना तिथं कळतं. टाकीच्या तोंडात हात घालून चाळणी काढायची तर मोठ्यात मोठा पंजा धरायचा. दांडा दाबायला लागणारं बळ मात्र सर्वांत अशक्त हाताचं. पट्ट्यांना दोन्ही टोकं सांभाळावी लागतात, कारण सकाळी नवऱ्यानं घेतलेला पंप दुपारी बायकोच्या पाठीवर असतो.

त्यानंतर फोम. आधी करवत, मग कानस, मग पॉलिश पेपर, आधी जाडा आणि मग बारीक. पाठीला टेकणारा भाग त्याला कमरेशी जरा आत आणि वर पसरट हवा होता. स्क्रीनवर ते वळण छान दिसत होतं. फोममध्ये कापून पाठीला लावलं तर खालची कड थेट कमरेच्या हाडात. मग घास, लाव, पुन्हा घास. वर्कशॉप सांभाळणारे मामा येता-जाता डोळे मिटून मॉडेलवरून तळवा फिरवायचे आणि म्हणायचे, "इथं दबलंय रे." डोळ्याला ते दिसत नव्हतं. मीही हात फिरवला. दबलेलंच होतं.

ही हातानं शिकायची पद्धत आपल्याकडे दोन वाटांनी आली. एक एनआयडीची. चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर जोडप्यानं 1958 मध्ये भारत सरकारला अहवाल दिला, त्यातून 1961 मध्ये ती संस्था निघाली. त्या अहवालातलं तांब्याचं कौतुक प्रत्येक डिझाइन कॉलेजात पहिल्या आठवड्यात ऐकवतात, इतकं की तांब्या दिसला की पोरं हसतात. दुसरी वाट मुंबईतल्या पवईची. जर्मनीतलं उल्मचं डिझाइन कॉलेज 1968 मध्ये बंद पडलं आणि 1969 मध्ये आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर (आयडीसी) उभं राहिलं. ते उभारणारे सुधाकर नाडकर्णी उल्मलाच शिकलेले. मतदान यंत्राचं डिझाइन याच आयडीसीतल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी केलं. निळं बटण, शेजारी पेटणारा लाल दिवा, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही चिन्हावरून उमगणारी ओळ. देशातल्या जवळपास प्रत्येक मतदाराचं बोट त्यावर पडलंय आणि हे कुणीतरी बसून ठरवलं असेल असं फारसं कुणाच्या मनात येत नाही.

पुन्हा पंपाकडे. ज्यूरीच्या आधी मी त्याला भोसरीतल्या एका टूलरूममध्ये घेऊन गेले. रेंडरिंग देखणं होतं, टाकीला कडक धारदार कोपरे, नव्या एसयूव्हीसारखे. मोल्ड करणाऱ्या काकांनी चष्मा वर करून ते बघितलं आणि विचारलं, "ब्लो मोल्डिंग ना? मग हे कोपरे फुटणार."

बोलून थांबले नाहीत. भंगारातली एक टाकी ओढली, हॅक्सॉनं उभी चिरली आणि व्हर्नियर त्याच्या हातात दिला. टाकी बनते ती गरम प्लास्टिकची लोंबती नळी दोन साच्यांत पकडून, आत हवा फुंकून. फुगणारं प्लास्टिक सपाट भिंतीला आधी टेकतं आणि तिथंच थिजतं. कोपऱ्यात पोचेपर्यंत ताणून ताणून पातळ होतं. पोरानं मोजलं. मधे तीन मिलिमीटरच्या आसपास, कोपऱ्यात एकसुद्धा नाही. टाकी बांधावर आदळते ती नेमकी खालच्या कोपऱ्यावर. "जितका गोल, तितका जाड," काका म्हणाले आणि चहा सांगितला. झाकणाची गोष्ट वेगळी. ते इंजेक्शन मोल्डिंगचं. तिथं भिंतीला एखाद-दोन अंशांचा उतार हवा, नाहीतर तुकडा साच्यातून सुटत नाही. पुस्तकात हे सगळं असतं. पण चिरलेली टाकी हातात आली की कोपऱ्यावरचं प्रेम आपोआप ओसरतं.

प्रवेशाचं विचाराल तर बारावीनंतरच्या बी.डेस.साठी यूसीड, पदवीनंतरच्या एम.डेस.साठी सीड, दोन्ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते, आणि त्यांखेरीज एनआयडीची वेगळी. "चित्रकला चांगली आहे हो हिची" असं पालक सांगतात. चित्र लागतंच, पण ते भिंतीवर लावण्यासारखं नको. दुसऱ्याला वस्तू कळेल आणि तिच्यावर भांडता येईल, असं हवं.

आणि पुढे? बहुतेक पोरांच्या डोळ्यांसमोर गाड्या असतात. टाटा, महिंद्रा, बजाज यांचे स्टुडिओ आपल्याच राज्यात आहेत, पण तिथल्या जागा मोजक्या. कोणी घड्याळात जातं, कोणी फर्निचरमध्ये, कोणी दवाखान्यातल्या उपकरणांत. कोणी रंग-पोताच्या कामात रमतं. मिक्सरचा लाल नेमका कुठला, यावरही पगार मिळतो. पुण्याच्या एलिफंट डिझाइनसारख्या, 1989 पासून चाललेल्या कन्सल्टन्सी आहेत. पण आता सर्वांत जास्त नोकऱ्या आणि जास्त पैसे अॅपच्या स्क्रीनमध्ये आहेत, आणि फोमच्या धुळीत वाढलेली निम्मी पोरं तिकडे जातात. यावर उसासे टाकणारे प्राध्यापक मला पटत नाहीत. शर्टावरचा ओला डाग ज्याला दिसला, त्याला बँकेच्या अॅपमध्ये अडखळणारी आजीही दिसेल. मला खंत आहे ती वेगळी. भोसरी, चाकण, साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांना डिझायनर हवा असतो आणि तो घेण्याची त्यांची तयारी नसते. मोल्डचे लाखो रुपये ते बिनतक्रार देतात. चित्राचे कसले पैसे, असं मात्र तोंडावर विचारतात.

आमच्या पोरानं गोल कोपऱ्यांची टाकी घेऊन ज्यूरी दिली, चांगले मार्क मिळवले आणि बेंगळुरूला स्क्रीनच्याच नोकरीवर रुजू झाला. काकांनी त्याची गाठ एका पंपवाल्या मालकांशी घालून दिली होती. मालकांनी दोन तास सगळं ऐकलं आणि फक्त झाकण घेतलं: दुहेरी वायसरचं, ओल्या हातानं घट्ट फिरवता येईल असं. झाकणाचा साचा लहान, खर्च परवडतो. टाकीचं पुढच्या मोल्डच्या वेळी बघू म्हणाले. जुना मोल्ड अजून चालतोय.