घाबरवलं की मत मिळतं?

निवडणूक लागली की महाड-पोलादपुरात दोन प्रचार सुरू होतात. एक रिक्षावरच्या भोंग्यातून, दुसरा तोंडातोंडी. पहिला आश्वासनं देतो. दुसरा सांगतो: आपला माणूस पडला तर वाडीची पाण्याची योजना गेलीच समजा, ते आले तर आरक्षण जाईल, हे आले तर धर्म बुडेल, बहिणींचे पैसे बंद होतील. या दुसऱ्या प्रचाराबद्दल आपल्या काही पक्क्या समजुती आहेत. बऱ्याचशा अर्धवट खऱ्या आहेत, म्हणूनच त्या सुटत नाहीत.

‘हे सगळं मोबाइल आल्यापासून सुरू झालं’

महाडकराने तरी असं म्हणू नये. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि मंडपात परतले. हे कायद्याला धरूनच होतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. पण थोड्याच वेळात गावात बोंब उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. रस्त्यात आडव्या आलेल्या जमावाला खुद्द बाबासाहेबांनी सांगितलं की देवळात जाण्याचा बेत नाही. ज्याच्याबद्दल अफवा होती तोच माणूस समोर उभा राहून खुलासा करत होता! तरी जेवायला बसलेल्या आणि घरी निघालेल्या लोकांवर लाठ्या चालल्याच.

ती निवडणुकीची धामधूम नव्हती हे खरं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव मागे घेतला, आणि तळ्याचा वाद उच्च न्यायालयातून सुटायला मार्च १९३७ उजाडावा लागला. अफवा एका दुपारची होती. ज्या भीतीतून ती उठली, तिच्यापुढे नगरपालिकेने मान तुकवली, आणि ते निस्तरायला दहा वर्षं गेली. यात मोबाइल कुठेच नाही. हातातल्या यंत्राने वेग वाढला, एवढंच.

‘समोरचा पक्ष घाबरवतो, आपला सावध करतो’

२०२४चं एकच वर्ष घ्या. लोकसभेला महाविकास आघाडीने ‘संविधान बदलणार’ ही भीती गावोगाव नेली. ती हवेतून आली नव्हती. भाजपचे तेव्हाचे खासदार अनंतकुमार हेगडे यांनी मार्चमध्ये संविधान बदलासाठी मोठं बहुमत हवं असं जाहीर भाषणात म्हटलं होतं. पण घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, आणि १९७३च्या केशवानंद भारती निकालानुसार घटनेच्या मूळ चौकटीला त्या मतांनीही हात लावता येत नाही, हे किती सभांमधून सांगितलं गेलं? सहा महिन्यांनी विधानसभेला महायुतीच्या व्यासपीठांवरून ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा आली: विभागलात तर कापले जाल. यात तर कोण कापणार, कुठे, कसं, काहीच नव्हतं. महायुतीतल्याच अजित पवारांनी हे महाराष्ट्रात चालायचं नाही असं उघड सांगितलं.

चाललं की नाही? लोकसभेला राज्यात महायुतीच्या ४८ पैकी १७ जागा आल्या, पण रायगडातून महायुतीचे सुनील तटकरे निवडून आले. विधानसभेला राज्य उलटं फिरलं, महायुती दोनशेच्या पार गेली, आणि महाडमधून महायुतीचेच भरत गोगावले पुन्हा आले. त्याचं श्रेय कोणी घोषणेला देतं, कोणी लाडकी बहीण योजनेच्या महिना दीड हजाराला. एका निकालामागे इतकी कारणं असतात की ‘भीतीने जिंकले’ हे वाक्य बोलायला सोपं आणि सिद्ध करायला महाकठीण. अमेरिकेतले संशोधक लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तिथल्या नकारात्मक प्रचारावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. अशा प्रचाराने मतं वाढतात असा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

‘अडाणी घाबरतो, शिकलेला विचार करतो’

या समजुतीची विज्ञानाच्या वेषातली एक बहीणही आहे: अमुक विचारांची माणसं जन्मतःच भित्री. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेब्रास्कातल्या ४६ जणांवरचा एक प्रयोग छापून आला. दचकवणाऱ्या चित्रांना आणि आवाजांना ज्यांचं शरीर जास्त प्रतिसाद देत होतं, त्यांचा कल समाजाच्या संरक्षणावर भर देणाऱ्या कडक धोरणांकडे दिसला. जगभर गाजावाजा झाला. २०२० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तर तो निष्कर्ष काही निघेना. त्याचा मात्र गाजावाजा झाला नाही.

राज्यशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक टेड ब्रेडर यांच्या प्रयोगात वेगळीच गोष्ट दिसली. भीतीच्या संगीत-चित्रांची जाहिरात पाहिलेले लोक ठरलेल्या पक्षाला चिकटून न राहता जास्त माहिती शोधू लागले, तर उत्साहाच्या जाहिरातीने माणसं आपल्या जुन्या बाजूलाच आणखी घट्ट झाली. म्हणजे घाबरलेला मतदार विचार सोडतोच असं नाही. सभेतल्या ढोल-ताशाकडेही जरा संशयाने पाहायला हरकत नाही.

‘घाबरवणारं ते सगळं खोटं’

२२ जुलै २०२१ नंतर हे या दोन तालुक्यांत कोणी म्हणणार नाही. तळियेवर दरड आली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली, महाड शहर पाण्यात होतं. डोंगराखालच्या वाडीत मोठ्या पावसात झोप न लागणं यात अडाणीपणा कुठला? पण त्या भीतीला पत्ता असतो: कुठला उतार, किती पाऊस, कुठल्या शाळेत हलायचं. उमेदवार घाबरवत असेल तर त्यालाही हेच विचारावं. योजना बंद होईल म्हणता, तर कोणत्या शासन निर्णयाने? लाडकी बहीण योजनेच्या अटींत वय आहे, अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. मत कोणाला दिलं हा रकाना अर्जात नाही.

‘मत कोणाला दिलं ते त्यांना कळतं’

वाड्यांमधली सगळ्यात जुनी भीती ही, आणि तिचं उत्तर अर्धंच दिलासादायक आहे. एकट्या माणसाचं मत कळत नाही. बटण दाबलं की काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. तिच्यावर उमेदवाराचं नाव, क्रमांक आणि चिन्ह असतं, मतदाराचं काही नसतं. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२८ मतदान केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींना गुप्ततेने बांधतं.

त्याच कायद्याचं कलम १२३ कोकणासाठी लिहिल्यासारखं वाटतं. मतदाराला जातीबाहेर काढण्याची किंवा सामाजिक बहिष्काराची धमकी देणं, देवाचा कोप होईल असं भरवणं, याला तिथे भ्रष्ट आचार म्हटलंय. ज्या रायगडातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी इतक्या आल्या, तिथे गावदेवीपुढे नारळ ठेवून घेतलेली मतांची शपथ ही निव्वळ परंपरा राहत नाही. धमकी उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दिल्याचं सिद्ध झालं, तर निवडणूक रद्द होऊ शकते. विधानसभा-लोकसभेसाठी निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. शिवाय सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा २०१६चा स्वतंत्र कायदा आहे.

उरलेलं अर्धं उत्तर असं, की वाडीचं मत कळतं. मतं मतदान केंद्रनिहाय मोजली जातात आणि आकडे जाहीर होतात. पोलादपूरच्या डोंगरात एखाद्या केंद्रावर दोन-तीन वाड्यांचीच नावं असतील, तर ‘तुमच्याकडून आम्हाला एवढीच?’ हा प्रश्न निकालाच्या संध्याकाळी येऊ शकतो, आणि मग रस्त्याचं, साकवाचं काम अडेल ही धास्ती पोकळ राहत नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांची मतं मिसळून मोजायची सोय नियमांत होती. यंत्रांसाठी तसंच, अनेक यंत्रांची एकत्र बेरीज दाखवणारं ‘टोटलायझर’ वापरावं असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगाने २०१५च्या अहवालात उचलून धरलं, केंद्र सरकार तयार झालं नाही. कुठल्या केंद्रावर आपण मागे पडलो हे पक्षांना कळायला हवं, असा त्यामागचा युक्तिवाद. सत्तेत असो वा बाहेर, वाडीवाडीचे आकडे कोणत्या पक्षाला नको असतात?