नागपूरकरांचे मुत्सद्दी देवाजीपंत चोरघडे

उत्तर पेशवाईंतील 'साडेतीन शहाण्यां'चीं नांवें महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहेत. पेशव्यांकडील सखारामबापू बोकील, निजामाकडील विठ्ठल सुंदर व नागपूरकर भोसल्यांकडील देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण शहाणे. आणि मुत्सद्देगिरीस तलवारीची जोड नसल्यामुळें नाना फडणीस अर्धे, असा लोकांनीं ठरविलेला हिशेब आहे. ह्यांपैकीं देवाजीपंत हे नरखेडचे. नागपुराहून कळमेश्वर व काटोल ह्या वाटेनें वायव्येस गेलें असतां हें गांव लागतें. त्यांचें मूळ नांव दिवाकर पुरुषोत्तम. जानोजी व मुधोजी ह्या दोघां भोसले बंधूंच्या पदरीं राहून पुणें, हैदराबाद व कलकत्ता ह्या तिन्ही दरबारांशीं त्यांनीं दीर्घकाळ राजकारण केलें. ह्या शहाणपणानें नागपूरच्या दौलतीचें नेमकें काय साधलें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

त्यासाठीं प्रथम दौलतीची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. भोसल्यांचें 'सेनासाहेब सुभा' हें पद छत्रपतींच्या घरचें; त्यामुळें पेशव्यांचे आपण ताबेदार नव्हे, अशी त्यांची भावना होती. १७५१ पासून ओढ्या प्रांत त्यांच्या हातीं आल्यानें त्यांची हद्द बंगालला भिडली. म्हणजे पश्चिमेस पेशवे, दक्षिणेस निजाम व लवकरच पूर्वेस इंग्रज, असे तीन प्रबळ शेजारी झाले. ह्यांपैकीं कोणासहि एकट्यानें नमविण्याइतकें बळ नागपूरकरांपाशीं नव्हतें. परंतु ते ज्या पक्षास मिळतील त्याचें पारडें जड व्हावें, इतकें खास होतें. देवाजीपंतांचें सारें राजकारण ह्या एका गोष्टीवर उभारलेलें आहे.

१७६३ सालीं ह्याचा पहिला मोठा प्रयोग झाला. जानोजी निजामास मिळाला व दोघांच्या फौजांनीं पुणें लुटलें व जाळलें. पुढें ३२ लक्षांच्या मुलखाचें वचन पेशव्यांकडून मिळतांच जानोजीनें निजामाचा पक्ष सोडला. आणि १० ऑगस्ट रोजीं राक्षसभुवनावर निजामाचा पराभव होऊन विठ्ठल सुंदर रणांत पडला. लाभ मोठा झाला खरा, पण दोन्ही दरबारांचा विश्वास मात्र गेला. १७६६ सालीं पेशवे व निजाम एक होऊन नागपूरकरांवर आले आणि मिळालेल्या मुलखाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग परत घेऊन गेले.

उरलेला हिशेब १७६९ च्या मार्चांत कनकापूरच्या तहानें पुरा झाला. ह्या तहांतील मुलूख व खंडणी ह्यांच्या कलमांपेक्षां एक निराळें कलम आमच्या विषयास महत्त्वाचें आहे. दिल्लीचा बादशहा, अयोध्येचा नबाब, रोहिले, इंग्रज व निजाम ह्यांच्याशीं भोसल्यांनीं परभारें राजकारण करूं नये. ओढ्यांत इंग्रजांपाशीं व निजामाच्या दरबारीं वकील ठेवण्यास हरकत नाहीं, मात्र त्यानें वसुलाच्या कामापलीकडे जाऊं नये, असें तें कलम. थोरल्या माधवरावांनीं नागपूरकरांचें खरें शस्त्र ओळखलें होतें. फौज कमी करण्याइतकीच त्यांच्या वकिलाची जीभ आवरणें त्यांस अगत्याचें वाटलें.

परंतु तें कलम माधवरावांच्या हयातीपुरतेंच टिकलें. १७७२ सालीं जानोजी व माधवराव दोघेहि वारले. नागपूरच्या भाऊबंदकींत १७७५ सालीं पांचगांवच्या लढाईंत साबाजी पडून कारभार मुधोजीच्या हातीं आला. इकडे पुणें व इंग्रज ह्यांचें युद्ध जुंपतांच गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जनें नागपूरकरांस आपल्याकडे ओढण्याचा यत्न आरंभिला. १७७८ सालीं नागपुरास पाठविलेला त्याचा वकील अलेक्झांडर एलियट वाटेंतच मरण पावला. तरी बोलणें तुटलें नाहीं. देवाजीपंतांचा हेस्टिंग्जशीं पत्रव्यवहार चालू होता व कलकत्त्यास बेनीराम पंडित हा नागपूरचा वकील होता.

नानांनीं हैदर व निजाम ह्यांस जोडून इंग्रजांविरुद्ध जूट केली, तेव्हां बंगालवर स्वारी करण्याचें काम भोसल्यांकडे आलें. मुधोजीचा पुत्र चिमणाजी हा सुमारें ३०,००० फौजेनिशीं १७७९ च्या दसऱ्यास निघाला. तो कटकास पोंचला १७८० च्या मे महिन्यांत! फौज निघाली म्हणून पुण्यास बोल लावण्यास जागा नाहीं. फौज पोंचत नाहीं म्हणून कलकत्त्यास धीर. ह्या संथ चालीचें मोल हेस्टिंग्जनें प्रथम ३ लक्ष व मागाहून १३ लक्ष रुपये देऊन चुकविलें. १७८१ च्या एप्रिलांत करार झाला. हैदराशीं लढण्यास जाणारी कर्नल पिअर्सची पलटणें ओढ्यांतून निर्वेध मद्रासेकडे गेलीं, आणि बंगालवरील स्वारी झालीच नाहीं.

त्याच वर्षीं देवाजीपंत वारले. ऑगस्टांत काशीस चेतसिंगाचा उठाव होऊन हेस्टिंग्जला रातोरात चुनारास पळावें लागलें, तेव्हां बेनीराम त्याच्या बरोबर होता. आपल्यापाशीं असलेला एक लक्ष रुपया त्यानें हेस्टिंग्जपुढें केला व पुढें इंग्रजांकडून सालीना २५,००० रुपयांची जहागीर मिळविली. परदरबारीं दीर्घकाळ राहिलेला वकील कोणाचा, हा प्रश्न येथें सहज उभा राहतो.

नागपूरपुरतें पाहिलें तर १७८१ चें राजकारण यशस्वी ठरलें: युद्ध टळलें, द्रव्य आलें, कटक राहिलें. पुण्याच्या जुटीच्या दृष्टीनें मात्र शत्रूचें मुख्य ठाणें त्यामुळें सुरक्षित राहिलें. देवाजीपंतांस नुसतें कावेबाज म्हणून सोडणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. पेशव्यांनीं ज्या दौलतीचे पंख एकदां छाटले, तिच्या कारभाऱ्यानें पुण्यासाठीं तिचें सर्वस्व पणास लावावें, ही अपेक्षा जड आहे. परंतु त्यांच्या मार्गाची मर्यादा उघड आहे. तटस्थतेस किंमत येते ती दोन तुल्यबळ पक्ष लढत असतात तोंवर. हैदर १७८२ सालीं वारला. १८०२ सालीं वसईच्या तहानें पेशवा इंग्रजांच्या आश्रयास गेला. मग विकण्यास कांहीं उरलें नाहीं. १७ डिसेंबर १८०३ रोजीं देवगांवच्या तहानें दुसऱ्या रघोजीस कटक व वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला. पैसे देऊन ज्या कटकच्या वाटेनें इंग्रजांनीं एकदां आपली फौज नेली, तें कटकच बावीस वर्षांनीं त्यांनीं घेतलें.