माहितीची राखण : दोष कोणाचा, जबाबदारी कोणाची?

प्रत्येक निवासी शाळेच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट असते. त्यात जनरल रजिस्टर असते, शाळा सोडल्याच्या दाखल्यांची पुस्तके असतात, मुलांची जात प्रमाणपत्रे, उत्पन्नाचे दाखले आणि बँक पासबुकांच्या झेरॉक्स प्रती असतात. ज्या घरात लिहिता-वाचता येणारी ही पहिलीच किंवा दुसरीच पिढी आहे, त्या घराचे पुष्कळसे भवितव्य या कपाटातील चार-दोन कागदांवर उभे असते. जन्मतारखेतील एका आकड्याची चूक दहा वर्षांनी नोकरीच्या दारात आडवी येते, हे आपल्यापैकी अनेकांनी स्वतः अनुभवले आहे.

आता या कपाटातील बहुतेक माहिती संगणकात गेली आहे. कपाटाला कुलूप आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक आहे. संगणकातील माहितीची राखण कोण करतो, कशी करतो आणि ती बिघडली तर कोणी उत्तर द्यायचे, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक. हा विषय आमचा नव्हे. तरीही तो आमच्यापुढे आला, तो एका घटनेमुळे.

सुमारे दहा-बारा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आम्ही तेव्हा ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे शिष्यवृत्तीची माहिती ऑनलाइन भरण्यास नुकताच प्रारंभ झाला होता. संपूर्ण शाळेसाठी एकच लॉगिन आणि एकच पासवर्ड. तो पुठ्ठ्यावर लिहून संगणकाशेजारी भिंतीला टांगलेला असे. लिपिक, मुख्याध्यापक, आम्ही दोघे-तिघे शिक्षक आणि गर्दीच्या दिवसांत मदतीला बोलावलेली बाहेरची मुले, असे सर्वजण तोच वापरीत. नववीतील एका मुलीच्या नोंदीतील बँक खात्याचा क्रमांक मध्येच केव्हातरी बदलला गेला आणि तिची रक्कम भलत्याच खात्यात जमा झाली. बदल चुकून झाला की कोणी मुद्दाम केला, हे शेवटपर्यंत कळले नाही. कारण संगणकाच्या लेखी तो बदल ‘शाळेने’ केला होता. मुलीचे वडील वीटभट्टीवरचा रोज बुडवून पाच-सहा वेळा कार्यालयात आले. पहिल्यांदा त्यांनाच विचारण्यात आले, “पासबुकाची झेरॉक्स नीट दिली होती ना?” नंतर लिपिकावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्यात आला. त्या वर्षीचे पैसे मुलीला मिळाले नाहीत. तो पासवर्ड आम्हीही कितीदा तरी वापरला होता, हे आम्ही त्या बैठकीत सांगितले नाही. ते आज येथे नोंदवीत आहोत.

पुढे आमचा एक माजी विद्यार्थी माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात संशोधन करू लागला. त्याला ही हकीकत सांगितली, तेव्हा तो म्हणाला, “सर, आमच्या विषयाची निम्मी चर्चा याच प्रश्नाभोवती चालते.” त्याने दिलेले काही जुने शोधनिबंध आम्ही इतिहासाची साधने वाचावीत तसे, सालवारीने वाचले. त्यातून जे हाती लागले, ते पालकांना, माजी विद्यार्थ्यांना आणि हितचिंतकांना सांगावेसे वाटते.

चोर नसताना झालेली चोरी

1960 च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था निर्माण झाली. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून प्रत्येकाला पासवर्ड देण्यात आला. एके दिवशी विपरीत घडले. जो कोणी संगणक सुरू करी, त्याच्यापुढे दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून येऊ लागली. दोन कर्मचारी एकाच वेळी दोन वेगळ्या फाइली दुरुस्त करीत होते आणि त्या कामात दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली होती. येथे कोणी चोर नव्हता, कोणी कुलूप फोडले नव्हते. व्यवस्थेची घडणच अशी होती की, एका साध्या चुकीने सर्व उघडे पडावे.

यावर उपाय निघाला तो असा की, पासवर्ड जसाच्या तसा साठवू नये. ज्यावरून मूळ शब्द परत काढता येणार नाही, अशा रूपात बदलून ठेवावा. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 मध्ये या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी 3,289 पासवर्ड तपासले. त्यांपैकी 2,831, म्हणजे शेकडा 86, इतके छोटे किंवा ओळखीचे होते की, ते सहज शोधता आले. मग तज्ज्ञांचा एक समज दृढ होत गेला : यंत्र चांगले आहे, माणसे निष्काळजी आहेत. त्यातून नियम वाढत गेले. पासवर्ड लांब हवा, त्यात अंक हवा, चिन्ह हवे, तो दर काही महिन्यांनी बदलायला हवा आणि कोठेही लिहून ठेवता कामा नये.

घडण महत्त्वाची

सर्व संशोधक मात्र या वाटेने गेले नाहीत. 1975 मध्ये जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणासाठी आठ तत्त्वे मांडली. ती आजही शिकविली जातात. त्यांतील काही कोणत्याही संस्थेला लागू पडावीत अशी आहेत. ज्याला कामापुरता जेवढा अधिकार लागतो, तेवढाच त्याला द्यावा, अधिक नको. महत्त्वाचे दार एका किल्लीने उघडू नये. दोन किल्ल्या दोघांकडे असाव्यात. परवानगी स्पष्टपणे दिलेली नसेल, तर दार बंदच राहावे. व्यवस्थेची रचना गुप्त ठेवण्यावर विसंबू नये. हे शेवटचे तत्त्व त्याहून जुने. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या, फ्रान्समध्ये भाषा शिकविणाऱ्या एका डच अध्यापकाने 1883 मध्येच लष्करी सांकेतिक लिपीविषयी ते सांगून ठेवले होते. रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, किल्ली तेवढी सुरक्षित हवी, असा त्याचा आशय. आठवे तत्त्व आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते : संरक्षणाची रीत माणसाला सहज पाळता येईल अशी असावी. जी रीत पाळणे अशक्यप्राय असते, ती मोडली जाणारच.

1987 मध्ये डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड विल्सन यांनी आणखी एक भेद दाखविला. लष्कराला मुख्य चिंता गुपित फुटण्याची असते. बँकेला, व्यापाऱ्याला मुख्य चिंता नोंद बिघडण्याची असते. माहिती कोणी वाचली याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, ती कोणी बदलली आणि त्या बदलाचा माग राहिला काय? यासाठी त्यांनी हिशेबनिसांच्या जुन्या शहाणपणाचा आधार घेतला. प्रत्येक रक्कम दोन ठिकाणी नोंदवावी, म्हणजे एकीकडची चूक दुसरीकडे उघडी पडते. आणि जो माल मागवितो, त्यानेच बिल मंजूर करू नये. कीर्द-खतावणी पाहिलेल्या कोणालाही हे नवीन नाही. आमच्या त्या शाळेत मुलीचे नाव कोणी वाचल्यामुळे नुकसान झाले नव्हते. एक क्रमांक बदलला गेला, तो एकट्याला बदलता आला आणि त्याचा माग राहिला नाही, म्हणून नुकसान झाले.

तक्रार करणाराच आरोपी

केंब्रिज विद्यापीठातील रॉस अँडरसन यांनी 1993 मध्ये एटीएममधील अपहारांचा अभ्यास मांडला. बहुतेक अपहार गणिती कुलूप फोडून झालेलेच नव्हते. सदोष अंमलबजावणी आणि व्यवस्थापनातील ढिलाई ही त्यांची कारणे होती. तरीही ब्रिटनमधील बँका आपली यंत्रणा चुकूच शकत नाही असे म्हणत आणि दोष ग्राहकाकडे ढकलीत. तेथील एका पोलीस शिपायाने आपल्या खात्यातून परस्पर पैसे गेल्याची तक्रार केली, तर त्याच्यावरच फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला झाला. 1994 मध्ये तो दोषी ठरला. 1996 मध्ये अपिलात त्याची सुटका झाली. हे वाचताना वीटभट्टीवरून आलेले ते वडील आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

अँडरसन यांनी 2001 मध्ये याचे अर्थशास्त्रीय कारण उलगडून दाखविले. नुकसान एकाचे आणि राखण दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती असेल तर राखण ढिलीच राहते. अमेरिकेत वादग्रस्त व्यवहाराचा भार बँकेवर होता. म्हणून तेथील बँका जपून वागल्या. ब्रिटनमध्ये तो ग्राहकावर ढकलता येई. म्हणून तेथील बँका गाफील राहिल्या आणि अपहार वाढले. सुरक्षेचा प्रश्न यंत्राचा असतोच. त्याच्या मुळाशी मात्र जबाबदारीच्या न्याय्य वाटणीचा प्रश्न असतो.

1999 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ॲन ॲडम्स आणि अँजेला सॅस यांनी उरलेला गैरसमजही दूर केला. त्यांनी 139 जणांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि 30 जणांच्या मुलाखती घेतल्या. माणसे पासवर्ड लिहून ठेवतात, एकमेकांना देतात, हे खरे. परंतु त्यांना एकाच वेळी अनेक पासवर्ड सांभाळावे लागतात, ते वारंवार बदलावे लागतात, धोका नेमका काय आहे हे कोणी समजावून सांगत नाही आणि काम गटाने करायचे असताना पासवर्ड मात्र एकेकट्याचा असतो. वापरणारा माणूस शत्रू नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष होता. तो सर्वमान्य होण्यास वेळ लागला. 2017 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने आपल्या मार्गदर्शनात बदल केला : ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नये, अंक-चिन्हांचे हट्ट धरू नयेत, लांब पासवर्डला वाव द्यावा आणि फुटलेले, ओळखीचे शब्द मात्र नाकारावेत. जुन्या नियमांचे मुख्य लेखक बिल बर यांनी त्या नियमांबद्दल त्याच वर्षी जाहीर खेद व्यक्त केला.

आमच्या लिपिकाने पुठ्ठ्यावर पासवर्ड लिहिला, तो निष्काळजीपणाने नव्हे. पाच माणसांच्या कामाला व्यवस्थेने एकच किल्ली दिली होती. ती टांगून ठेवण्यावाचून त्याला दुसरा मार्ग नव्हता.

आपण काय करावे?

पालकांनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, खात्यातून परस्पर पैसे गेले आणि दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही, असे असेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकाची चूक झाली असे बँकेचे म्हणणे असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. ओटीपी सांगण्यासारखी चूक आपल्याकडून झाली, तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाजून घरी बसू नये. त्याच घटकेला बँकेला आणि 1930 या क्रमांकावर कळवावे. फसविला गेलेला माणूस अपराधी नसतो.

शाळांनी, आणि त्यात आपली शाळाही आली, चार गोष्टी कराव्यात. संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन असावे आणि काम संपताच ते बंद करावे. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात आणि बँक खाते यांत बदल करायचा तर एकाने तो भरावा व दुसऱ्याने मूळ कागद पाहून मंजूर करावा. कोणता बदल कोणी, केव्हा केला याची नोंद राहावी आणि पालकाने मागितल्यास ती दाखवावी. मुलांचे दाखले व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्याची सवय आपण सर्वांनी सोडावी. हे नियम सूचनाफलकावर लावले तरी काही बिघडत नाही; केर्कहॉफ्सने तेच सांगितले आहे.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज संगणक क्षेत्रात काम करतात. शाळेला देणगी देण्याची त्यांची इच्छा असते. त्यांना आमची विनंती आहे की, वर्षातून एक दिवस त्यांनी शाळेच्या कार्यालयात येऊन बसावे आणि लिपिकाला दोष न देता, त्याचे काम कसे चालते हे आधी पाहावे. त्याला पाळता येईल अशी व्यवस्था उभी करून द्यावी. ज्या मुलीची रक्कम गेली, तिचे पुढील शिक्षण तिच्या वडिलांनी कर्ज काढून पूर्ण केले. त्या कर्जात आमच्या त्या वेळच्या मौनाचाही वाटा आहे, याची जाणीव ठेवून हा लेख लिहिला आहे.