फॉर्म भरण्याआधी

ट्रायथलॉन म्हटलं की आपल्याला २०१९ साली सुरू झालेली गोव्याची 'आयर्नमॅन ७०.३' आठवते. पण नवशिक्यांनी 'स्प्रिंट' शोधावी: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं.

मी शहाणीने एका स्पर्धेची फी आधी भरली, नियम नंतर वाचले! पोहणं धरणात होतं आणि मला तर टँकची भिंत धरायची सवय. नाव मागे घेतलं. पैसे बुडाले, मी वाचले.

म्हणून फॉर्म भरण्याआधी चार गोष्टी बघा: अंतर, पोहण्याची जागा, कट-ऑफ वेळ आणि रिफंड. सायकल मैत्रिणीची चालेल, हेल्मेट मात्र हवंच. आणि सरावासाठी खडकवासल्यात एकट्याने उतरणं? मुळीच नको! आधी टँकमध्ये भिंत न धरता ७५० मीटर पोहून दाखवा, मगच फी भरा.