रंग उडाला, खवले जागेवरच

"विहिरीपाशी पांढरा साप निघालाय. इच्छाधारी आहे म्हणतायत. लवकर या." पावसाळ्यात असा फोन आला की जाणता सर्पमित्र दोनच गोष्टी सांगतो : लांब उभे राहा, आणि लांबूनच त्याचे डोळे कसे दिसतात ते बघा.

डोळे दुधाळ, निळसर असतील तर साप कात टाकायच्या बेतात आहे. तेव्हा त्याचं अंगही मळकट, फिकं दिसतं. कात पडली की मूळ रंग परततो. डोळे लालसर असतील तर शरीरात मेलॅनिन हे काळं-तपकिरी रंगद्रव्य तयारच होत नाही. दिसते ती रक्तवाहिन्यांची लाली. असा साप म्हणजे अल्बिनो. अंग पांढरं पण डोळे काळे, हा वेगळा प्रकार. त्याला ल्युसिझम म्हणतात.

सर्पमित्र पोहोचेपर्यंत कुणीतरी दुधाची वाटी आणि हळद-कुंकू आणलेलं असतं. साप दूध पीत नाही, पण ते समजावण्याची वेळ ही नव्हे. आधी गर्दी मागे सारायची.

'अल्बिनो आहे' एवढं म्हणून काम भागत नाही. अल्बिनो कोण? नाग, धामण की दिवड? नागाच्या फण्यावरचा दहाचा आकडा काळ्या रंगाने उठतो. मेलॅनिनच नसेल तर तो जेमतेम दिसतो. दिवडीच्या अंगावरची चौकट पुसट होते. पिवळं रंगद्रव्य वेगळ्या पेशींत असतं, ते टिकतं. म्हणून अल्बिनो साप पांढराशुभ्र न दिसता पिवळट-गुलाबीही दिसतो. त्यात कोंडीत सापडलेली दिवड मान चपटी करते आणि बघ्यांना तो फणाच वाटतो.

अशा वेळी खवले वाचायचे. फ्रँक वॉल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकातल्या लेखमालेत भारतीय सापांच्या खवल्यांची बारकाईने वर्णनं केली. त्या खुणा आजही चालतात. नागाच्या वरच्या ओठावरचा तिसरा खवला मोठा असतो. तो पुढे नाकपुडीच्या खवल्याला आणि मागे डोळ्याला भिडतो. धामण आणि दिवड यांच्यात डोळ्याला चौथा आणि पाचवा खवला टेकतो. या दोघींतला फरक पाठीवर कळतो : दिवडीच्या खवल्यांवर मधोमध बारीक कणा असतो, धामणीचे बहुतांशी गुळगुळीत. यासाठी जिवंत सापाचं तोंड धरायची गरज नाही. साप पारदर्शक बरणीत गेला की बाजूने फोटो काढायचा आणि मोबाइलवर मोठा करून बघायचा. फ्लॅश मात्र बंद. त्याने मातकट सापही पांढरा दिसतो.

ही नजर तयार होते ती कातीवर. कातीत रंग जवळजवळ नसतोच, राहते ती खवल्यांची मांडणी. जो कातीवरून साप ओळखायला शिकला, त्याला रंग हरवलेला साप परका वाटत नाही.

खरी कसोटी लागते विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्या बाबतीत, कारण इथे चूक जिवावर बेतू शकते. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा मानेपासून काही अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपासूनच दिसतात आणि मागे विरत जातात. पण पट्टे अगदी पुसट असलेली काळीभोर मण्यारही असते. मग पाठीचा मध्य बघायचा : मण्यारीत तिथे मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, कवड्यात नसते. बरणी वर उचलली की खालून शेपटी दिसते. तिथले खवले मण्यारीत एकेरी, कवड्यात जोडीने.

आंबोलीच्या जंगलात तर विचित्र रंग हीच रीत. मलबारी चापडा हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी अशा अनेक रंगांत सापडतो. तिथे नवशिक्याने रंगांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. तिकोनी डोकं आणि डोळा-नाकपुडीच्या मधली उष्णता टिपणारी खाच बघावी.

अल्बिनो नागाचं विष इतर नागांसारखंच घातक. उणीव असते ती रंगाची, विषग्रंथीची नव्हे. त्याला फटका बसतो तो लपण्यात; उघड्या रानात घारी-गरुडांना तो चटकन दिसतो. माणसांच्याही नजरेत भरतो. दुर्मिळ म्हणून अशा सापांना गिऱ्हाईक शोधणारे असतात, म्हणून वनविभागाला कळवून साप सोडल्यावर शहाणा सर्पमित्र खवल्यांचे फोटो अभ्यासकांना पाठवतो, पण समाजमाध्यमांवर गावाचं नाव टाकत नाही. विहिरीपाशी सेल्फी काढलेल्या पोरांनाही तो तेच बजावतो. ती ऐकतीलच असं नाही.