जुन्या ट्रॅक्टरांतील तारांचे दोष

भिवंडी तालुक्यांत आषाढांतील चिखलणीच्या ऐन वेळीं जुना ट्रॅक्टर मुका होतो, आणि मालक तडक नवी बॅटरी विकत आणतो. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं एकाच पावसाळ्यांत अशा दोन आणल्या. दोष निघाला तो बॅटरीचें ऋण टोक यंत्राच्या अंगास जोडणाऱ्या जाड पट्टीच्या बुडाशीं, गंजांत! खाडीचा खारा वारा व चिखल यांमुळें आपल्याकडे हें नेहमींचेंच.

परीक्षा सोपी आहे. मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरें इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून, गिअर काढून, दुसऱ्याकडून स्टार्टर फिरवावा. आंकडा अर्ध्या व्होल्टाहून अधिक आल्यास पट्टी सोडवून दोन्ही जागा लखलखीत घासाव्या. बॅटरीचें अंगास जोडलेलें टोक प्रथम काढावें, जोडतांना तें शेवटीं. कांहीं जुन्या विलायती यंत्रांत हें टोक धन असतें, तें आधीं पाहावें.

फ्यूज वारंवार जळत असेल तर तेथें तार गुंडाळणें म्हणजे ट्रॅक्टरासह पेंढाही आगींत घालणें होय. त्या जागीं १२ व्होल्टांचा पुढचा दिवा जोडावा. सर्व बटणें बंद असतांही तो प्रखर पेटला तर तार कोठें तरी लोखंडास भिडली आहे. मग जुने फेरफार मागें मागें वाचीत मूळ खातेदारापर्यंत जातात, तशी एकेक जोडणी सोडवीत जावें. जी सोडतांच दिवा विझेल, तिच्या पुढेंच दोष. बहुधा तेथें उंदरांनीं कुरतडलेलें आवरण सांपडतें. तो तुकडा काढून त्याच जाडीची नवी तार घालावी, आणि ट्रॅक्टर पेंढ्याच्या उडवीपासून दूर उभा करावा.