आखूड नळी आणि काडतुसाची निवड : अमेरिकेतील नव्वद वर्षांचा मागोवा

अमेरिकेत सोळा इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलीची कायद्यात वेगळी वर्गवारी आहे. २६ जून १९३४ रोजी मंजूर झालेल्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने अशा रायफलीची नोंदणी सक्तीची केली आणि ती बनवण्यावर व हस्तांतरावर २०० डॉलर कर बसवला. मूळ मसुद्याचा रोख पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर यांच्यावरही होता. रायफलीची नळी कापून कोणी पळवाट काढू नये, म्हणून आखूड रायफलीही त्यात घेतल्या गेल्या. पुढे पिस्तुले वगळली गेली, आखूड रायफली मात्र राहिल्या. नळीची मर्यादा आधी अठरा इंच होती. रायफलीसाठी ती १९६० मध्ये सोळा इंच झाली. दारे, जिने आणि अरुंद मार्गिका असलेल्या घरात आखूड बंदूक सहज वळते, म्हणून घराच्या संरक्षणासाठी तिला मागणी राहिली. तिच्यात कोणते काडतूस वापरावे, याचे उत्तर मात्र दर पिढीत बदलत गेले.

बदलाचे मूळ नळीच्या कामात आहे. काडतुसातली दारू जळून तयार होणारा वायू गोळीला ढकलतो, आणि गोळी नळीबाहेर पडेपर्यंतच त्याचा उपयोग होतो. लांब नळीसाठी बेतलेले काडतूस आखूड नळीत वापरले, की दारूचा काही भाग नळीबाहेर जळतो. गोळीचा वेग घटतो, तोंडाशी मोठा जाळ उठतो आणि आवाज वाढतो. हलक्या, वेगवान गोळीचा परिणाम वेगावरच टिकून असल्याने तिचे नुकसान सर्वाधिक होते. जड, संथ गोळीचे तुलनेने कमी होते.

पहिले व्यवहार्य उत्तर लष्कराकडून आले. १९४१ मध्ये स्वीकारलेल्या एम-१ कार्बाइनची नळी अठरा इंचांची होती. तिच्या .३० कार्बाइन काडतुसातली सुमारे सात ग्रॅमची गोळी सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास वेगाने जाई. पिस्तुलापेक्षा पल्लेदार आणि पूर्ण आकाराच्या रायफलीपेक्षा हलके, असे हे मधले हत्यार होते. युद्धकाळात अशा साठ लाखांवर कार्बाइन बनल्या. नंतर त्यांतल्या कितीतरी नागरिकांना स्वस्तात विकल्या गेल्या आणि अनेक घरांत पोहोचल्या.

व्हिएतनाम युद्धाने चित्र पालटले. एम१६ रायफलीच्या वीस इंची नळीतून ५.५६ मिमीची साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने सुटे. तिची आखूड आवृत्ती, एक्सएम१७७, दहा इंची नळीची होती. त्या नळीतून वेग साडेआठशेच्या खाली आला. जाळ आणि आवाज इतका वाढला, की नळीच्या तोंडाला खास मॉडरेटर बसवावा लागला. नंतरच्या एक्सएम१७७ई२ची नळी साडेअकरा इंच करण्यात आली.

वेग घटण्याचा खरा अर्थ १९८०च्या दशकात स्पष्ट झाला. लष्करी शल्यचिकित्सक मार्टिन फॅक्लर यांनी लेटरमन संस्थेत, मांसाच्या जागी वापरतात त्या जिलेटिनवर केलेल्या चाचण्यांतून दिसले, की ५.५६ची लष्करी गोळी शरीरात आडवी होऊन फुटते, पण त्यासाठी सेकंदाला साधारण ८२० मीटरच्या वर वेग लागतो. आखूड नळीतून सुटलेल्या गोळीचा वेग अवघ्या काही मीटरवर या सीमेखाली येतो. त्यामुळे नंतर पाच ग्रॅमच्या जड गोळ्या आणि कमी वेगातही पसरणाऱ्या गोळ्या पुढे आल्या. कॅलिबर तेच राहिले, निवड गोळीच्या रचनेकडे वळली.

याच सुमारास भिंतींचा मुद्दा ऐरणीवर आला. अमेरिकन घरांच्या आतल्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात, आणि त्या कोणतीही पुरेशी प्रभावी गोळी अडवत नाहीत. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने गोळीने जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच शिरावे, असा निकष ठरवला. एवढी शिरणारी गोळी भिंतीपलीकडेही धोकादायकच असते. तरीही चाचण्यांत हलकी वेगवान गोळी भिंतीत डळमळून किंवा फुटून लवकर जोर गमावताना दिसली, तर पिस्तुलाची जड गोळी अनेकदा सरळ पुढे गेली. फेब्रुवारी १९९७ मध्ये नॉर्थ हॉलिवूड येथे चिलखतधारी दरोडेखोरांपुढे पोलिसांची पिस्तुले तोकडी पडली. त्यानंतर पोलिसांत ९ मिमीच्या सबमशीनगनची जागा ५.५६ची कार्बाइन वेगाने घेऊ लागली आणि नागरिकांची पसंतीही त्याच दिशेने गेली.

दुसरा मार्ग जड गोळीचा होता. १९४३ मध्ये आराखडा झालेले सोव्हिएत ७.६२×३९ मिमी काडतूस आखूड नळीत तुलनेने कमी वेग गमावते. परंतु त्याची निमुळती पुंगळी एम१६ची नागरी आवृत्ती असलेल्या एआर-१५च्या सरळ मॅगझीन-खाचेशी नीट जुळत नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकन विशेष दलांच्या गरजेतून आलेले ६.८ मिमी एसपीसी आखूड नळीत चांगले चालले. मात्र त्याला वेगळा बोल्ट आणि वेगळे मॅगझीन लागे.

ही अडचण .३०० ब्लॅकआउटने दूर केली. त्याची पूर्वपीठिका रेमिंग्टनच्या १९६३ मधील .२२१ फायरबॉल काडतुसापर्यंत आणि त्यावरून जे. डी. जोन्स यांनी घडवलेल्या .३०० व्हिस्परपर्यंत जाते. ॲडव्हान्स्ड आर्मामेंट कॉर्पोरेशनने विकसित केलेल्या ब्लॅकआउटला जानेवारी २०११ मध्ये अमेरिकन काडतूस उद्योगाच्या मानक संस्थेची मान्यता मिळाली. यात बोल्ट आणि मॅगझीन ५.५६चेच राहतात, फक्त नळी बदलते. दारू इतकी बेताची, की नऊ इंची नळीतही ती बहुतेक जळून जाते. सात-आठ ग्रॅमची गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते, तर बारा-चौदा ग्रॅमची गोळी ध्वनीच्या वेगाखाली राहून सप्रेसरसह शांतपणे चालते. मात्र संथ गोळी पसरण्यासाठी खास घडवलेली नसेल, तर तिचा परिणाम मर्यादित राहतो. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ब्लॅकआउटचे काडतूस चुकून ५.५६च्या चेंबरमध्ये बसू शकते. मग गोळी अरुंद नळीत अडकते आणि बंदूक फुटते. म्हणून दोन्ही असणारे लोक मॅगझीनवर ठळक खुणा करतात.

बंद खोलीत आवाजही निर्णायक ठरतो. श्रवणहानीची प्रचलित सीमा १४० डेसिबल मानली जाते. आखूड नळीची ५.५६ ती फार मागे टाकते. सप्रेसरची मागणी वाढली ती यामुळेच.

कायद्याची वाटही याच काळात वळणे घेत होती. २०१२ नंतर हाताला आधार देणारा ‘ब्रेस’ लावलेली एआर पिस्तुले नोंदणीविना आखूड रायफलीची जागा घेऊ लागली. २०२३ च्या नियमाने त्यांतील बहुतेकांना रायफल ठरवले. जून २०२४ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो नियम रद्द केला. जुलै २०२५ च्या कायद्याने २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला, नोंदणी मात्र कायम ठेवली.

भारतात लष्करी कॅलिबरच्या रायफली सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, त्यामुळे घरासाठी हा प्रश्न उद्भवत नाही. सुरक्षा दलांसमोर मात्र तो होता. पुण्याच्या एआरडीई संस्थेने आखलेल्या जेव्हीपीसी कार्बाइनसाठी ५.५६×३० मिमी हे आखूड काडतूस निवडले गेले. कार्बाइन कानपूरला बनते, काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात.

आज अमेरिकेत साधारण संकेत असा दिसतो : नळी साडेअकरा इंचांच्या आसपास किंवा अधिक असेल, तर योग्य गोळीसह ५.५६, नऊ इंच किंवा त्याहून आखूड असेल, अथवा सप्रेसर नेहमी लावायचा असेल, तर .३०० ब्लॅकआउट, काडतुसांचा खर्च आणि हलका धक्का महत्त्वाचा असेल, तर ९ मिमी. १९४१ मध्ये काडतूस आणि बंदूक एकमेकांसाठीच बेतलेली होती. मधली काही दशके लांब नळीचे काडतूस आखूड नळीत बसवण्यात गेली. ब्लॅकआउटने नळीच्या लांबीवरून काडतूस ठरवण्याची रीत पुन्हा आणली.